पातळ काचेचा जाड चष्मा : उणे आठ नंबरचं एक प्रकरण

नंबर बरोबर, काच महागाची, फ्रेम नवी, तरी चष्मा डोळ्यांवर टिकत नाही. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी 'पातळ काच' करून घेतली की ही तक्रार इतक्या नेमाने येते की तिचं एक प्रकरण शेवटपर्यंत उलगडून पाहायलाच हवं. खालचं प्रकरण नमुन्याचं आहे. ते नेहमी येणाऱ्या तक्रारी एकत्र करून बांधलेलं आहे, कुणा एका व्यक्तीचं नाही. आकडे मात्र कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतील.

तक्रार काय होती

वय २६, दिवसभर संगणकावर काम. दोन्ही डोळ्यांचा नंबर −८.००, सिलिंडर नाही. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६० मि.मी. जुना चष्मा सीआर-३९ या साध्या प्लास्टिकचा आणि फ्रेम ४६-१८ मापाची. दांडीच्या आतल्या बाजूला छापलेल्या या दोन आकड्यांत पहिला एका काचेची रुंदी सांगतो, दुसरा नाकावरच्या पुलाची. जाड कडा नको म्हणून नवा चष्मा केला. फ्रेम सध्याच्या चालीची मोठी, ५६-१६, आणि काच 'पातळ, न फुटणारी' म्हणून पॉलिकार्बोनेटची. नंबर तोच. पैसे वाचवायला कोटिंग घेतलं नाही.

सरळ समोर पाहिलं तर सगळं स्वच्छ, तक्त्यावर ६/६. पण मान न वळवता नजर उजवीकडे नेली की ट्यूबलाइटच्या एका कडेला निळी रेघ आणि दुसरीला नारिंगी. स्क्रीनच्या कोपऱ्यातली अक्षरं सावली पडल्यासारखी. लांबचं पाहताना डोळे बाहेर ओढल्यासारखे वाटतात आणि दुपारपर्यंत कपाळ जड होतं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याजवळ आणखी एक फिकट दिवा दिसतो. आणि ज्यासाठी खर्च केला ते झालंच नाही, कारण कडा जुन्या चष्म्यापेक्षा जाड आहे. दुकानात लेन्सोमीटरवर नंबर तपासला, तो बरोबर निघाला. "आठ दिवस घाला, सवय होईल" असं सांगून चष्मा परत दिला गेला.

लेन्सोमीटरवरचा नंबर बरोबर असणं हा या प्रकरणातला सगळ्यात फसवा दुवा आहे. तो आकडा काचेच्या एका बिंदूची शक्ती सांगतो. त्या बिंदूबाहेर प्रकाशाचं काय होतं आणि तो बिंदू डोळ्यासमोर बसला आहे की नाही, यावर तो काहीच बोलत नाही.

कडा पातळ का झाली नाही

प्रकाश हवेतून काचेत शिरताना मंदावतो. हवेत त्याचा वेग सेकंदाला जवळपास ३ लाख कि.मी., सीआर-३९मध्ये सुमारे २ लाख, पॉलिकार्बोनेटमध्ये १.८९ लाख, तर १.६७ अपवर्तनांकाच्या (प्रकाश हवेच्या मानाने किती पट मंदावतो तो आकडा) काचेत १.८ लाख कि.मी. जितका जास्त मंदावतो, तितका पृष्ठभागावर जास्त वळतो. म्हणून जास्त अपवर्तनांकाच्या काचेला तेच −८ साधायला कमी वक्रता पुरते आणि काच पातळ होते. इथपर्यंत दुकानातलं म्हणणं खरं आहे.

पण जाडी ठरवणारं सूत्र पाहा. मध्याच्या मानाने कडेला वाढणारी जाडी = (त्रिज्येचा वर्ग × नंबर) ÷ (२ × (अपवर्तनांक − १)). अपवर्तनांक छेदात एकदाच येतो, त्रिज्या मात्र अंशात वर्गाने येते. त्रिज्या म्हणजे काचेच्या ऑप्टिकल सेंटरपासून, म्हणजे जिथून प्रकाश न वळता सरळ जातो त्या बिंदूपासून, कडेपर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.

जुन्या फ्रेममध्ये दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ४६ + १८ = ६४ मि.मी. पीडी ६०, म्हणून प्रत्येक सेंटर २ मि.मी. नाकाकडे सरकवलेलं. कानाकडची कडा सेंटरपासून २३ + २ = २५ मि.मी. सीआर-३९चा अपवर्तनांक १.४९८ घेऊन ०.०२५² × ८ ÷ ०.९९६ म्हणजे ५.० मि.मी. त्यात मध्याची २ मि.मी. मिळवली की कडा ७ मि.मी.

नव्या फ्रेममध्ये ५६ + १६ = ७२. सेंटर प्रत्येकी ६ मि.मी. आत यायला हवं, म्हणजे कानाकडची कडा २८ + ६ = ३४ मि.मी. दूर. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक १.५८६ घेऊन ०.०३४² × ८ ÷ १.१७२ = ७.९ मि.मी. मध्याची जाडी १.५ धरली तर कडा ९.४ मि.मी. म्हणजे 'पातळ' काच घालूनही हिशोबाने कडा जवळपास अडीच मि.मी.ने वाढायला हवी. याच फ्रेममध्ये सगळ्यात महाग १.७४ काच घातली असती आणि मध्य १.२ मि.मी. ठेवला असता, तरी कडा साडेसातच्या आसपास येते. म्हणजे जुन्या साध्या प्लास्टिकहूनही जाड. हे सूत्र सोपं केलेलं आहे. पुढचा पृष्ठभाग सपाट धरून नेमकं गणित केलं तर कडा आणखी थोडी भरते, आणि ॲस्फेरिक (कडेकडे वक्रता बदलत जाणाऱ्या) काचेत थोडी कमी होते. निष्कर्ष बदलत नाही.

प्रत्यक्ष चष्म्यात मात्र कडा ८ मि.मी.च्या जवळपास मिळते, ९.४ नाही. हा फायदा नाही, ती फिटिंगमधल्या एका चुकीची खूण आहे. ती पुढे उलगडेल.

रंगीत रेघा

अपवर्तनांक हा एकच आकडा नसतो. निळ्या प्रकाशासाठी तो जास्त, तांबड्यासाठी कमी. प्रकाशाचं हे अपस्करण मोजायला ॲबे आकडा वापरतात. ५८७.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशासाठीच्या अपवर्तनांकातून १ वजा करायचा आणि त्याला ४८६.१ व ६५६.३ नॅनोमीटरच्या अपवर्तनांकांमधल्या फरकाने भागायचं. आकडा मोठा असेल तर रंग कमी फाकतात. एर्न्स्ट ॲबे हे जर्मनीतल्या येना शहरातले भौतिकशास्त्रज्ञ. काचेचे रसायनतज्ज्ञ ऑटो शॉट यांच्याबरोबर १८८४ मध्ये त्यांनी काचेचा कारखाना काढला, तो अपवर्तनांक आणि अपस्करण यांची जोडी हवी तशी जुळवता यावी म्हणून. चष्म्याच्या प्लास्टिकमध्ये तीच ओढाताण आजही आहे.

| पदार्थ | अपवर्तनांक | ॲबे आकडा (सुमारे) | घनता, ग्रॅम/घन सें.मी. (सुमारे) | एका पृष्ठभागावरून परावर्तन |
|---|---|---|---|---|
| सीआर-३९ | १.४९८ | ५८ | १.३२ | ४.०% |
| ट्रायव्हेक्स | १.५३ | ४४ | १.११ | ४.४% |
| पॉलिकार्बोनेट | १.५८६ | ३० | १.२० | ५.१% |
| १.६० (एमआर-८) | १.६० | ४१ | १.३० | ५.३% |
| १.६७ | १.६७ | ३२ | १.३५ | ६.३% |
| १.७४ | १.७४ | ३३ | १.४७ | ७.३% |

तिसऱ्या आणि चौथ्या ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. १.६० चा अपवर्तनांक पॉलिकार्बोनेटपेक्षा किंचित जास्तच आहे, तरी ॲबे आकडा ४१. ही जोडी दुकानात क्वचित सांगितली जाते.

आता सेंटरपासून बाजूला पाहिलं की काय होतं? तिथे काच प्रिझमसारखी वागते. प्रेंटिसच्या नियमाने प्रिझम डायॉप्टर = सेंटरपासूनचं अंतर (सें.मी.) × नंबर. सेंटरपासून १५ मि.मी. बाजूने पाहिलं तर १.५ × ८ = १२ प्रिझम डायॉप्टर. याला ॲबे आकड्याने भागलं की रंगांची फाकणी मिळते: सीआर-३९मध्ये ०.२१, पॉलिकार्बोनेटमध्ये ०.४०, १.६०मध्ये ०.२९, १.६७मध्ये ०.३८. साधारण ०.१ च्या पुढे ती जाणवू लागते असं धरतात. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एका मीटरवर एक सें.मी. सरक. तेव्हा ०.४० म्हणजे एका मीटरवर निळी आणि तांबडी प्रतिमा एकमेकांपासून ४ मि.मी. सुटलेल्या, आणि ६० सें.मी.वरच्या स्क्रीनवर सुमारे २.४ मि.मी. स्क्रीनवरचं बारीक अक्षरच जेमतेम तेवढं असतं. सावली पडल्यासारखं दिसतं ते यामुळे.

रेघांचा क्रमही ठरलेला असतो. मायनस काच प्रतिमा लहान करून सेंटरकडे ओढते आणि निळ्याला जास्त ओढते. म्हणून उजवीकडच्या पेटलेल्या ट्यूबची आतली, सेंटरकडची कड निळी दिसते आणि बाहेरची नारिंगी. पांढऱ्या स्क्रीनवरच्या काळ्या अक्षराचं नेमकं उलट होतं. तिथे आतली कड नारिंगी आणि बाहेरची निळी, कारण रंग फाकतात ते भोवतालच्या पांढऱ्याचे. तक्रार सांगणाऱ्याने हा क्रम असाच सांगितला तर अपस्करणाबद्दल शंका उरत नाही. नजर डावीकडे नेल्यावर क्रम आरशातल्यासारखा पालटतो. पालटला नाही तर कारण दुसरं शोधावं.

'सवय होईल' हे इथे अर्धंच खरं आहे. नवी वक्रता, फरशी खोल दिसणं, चौकट वाकडी भासणं या गोष्टी मेंदू काही दिवसांत सावरतो. फाकलेले रंग काचेतून तसेच येत राहतात. फार तर माणूस त्यांच्याकडे लक्ष देणं सोडतो आणि नकळत मान वळवून पाहू लागतो. बारीक अक्षर मात्र कोपऱ्यात अस्पष्टच राहतं.

सेंटर कुठे बसलं

डोळे ओढले जाण्याचं कारण रंगांत नाही. ते शोधायला दुकानात जायचीही गरज नाही. दाराच्या चौकटीची उभी सरळ कड निवडा. चष्मा हातभर लांब धरून एका काचेतून ती कड पाहा. काचेतून दिसणारा तुकडा बाहेरच्या कडेपासून तुटून बाजूला सरकलेला दिसेल. चष्मा आडवा हळूहळू सरकवत जा. ज्या जागी तुकडा वरखाली सलग जुळतो, तिथे सेंटर आहे. मार्करने बारीक ठिपका द्या, दुसऱ्या काचेवर तेच करा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ठिपका साबणाच्या पाण्याने पुसावा. पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, अजिबात लावू नये. पृष्ठभाग खराब होतो.

या प्रकरणात अंतर ६६ मि.मी. मिळतं, हवं होतं ६०. प्रत्येक काच ३ मि.मी. बाहेर. ०.३ × ८ = २.४, दोन्ही मिळून ४.८ प्रिझम डायॉप्टर. नजर सेंटरच्या नाकाकडच्या बाजूने जाते आणि तिथे मायनस काच नाकाकडे जाड होत जाते. म्हणजे प्रिझमचा पाया नाकाकडे. प्रकाश पायाकडे वळतो, म्हणून प्रतिमा एक दिसायला डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. जवळचं पाहताना डोळे आत वळतात, ते त्यांच्या अंगवळणी असतं. लांबचं पाहताना बाहेर फाकण्याची त्यांची ताकद मुळातच थोडी. त्यातली बरीचशी चष्मा दिवसभर खात राहतो. कपाळ जड होतं ते याने.

फिटरने ३ मि.मी.ची चूक का केली? बहुधा त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. न कापलेली गोल काच किती व्यासाची हवी याचा हिशोब असा: फ्रेममधल्या काचेच्या मध्यापासून सगळ्यात दूर असलेल्या बिंदूपर्यंतच्या अंतराची दुप्पट, अधिक फ्रेमचं मध्यांतर (दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर) वजा पीडी, अधिक घासण्यासाठी २ मि.मी. इथे ५९ + १२ + २ = ७३ मि.मी. मोठ्या मायनस नंबरच्या तयार काचा बऱ्याचदा ६५ किंवा ७० मि.मी. व्यासाच्या मिळतात. ६५ मि.मी.ची काच हाताशी असेल आणि घासायची जागाही सोडली नाही, तरी ती फ्रेम भरते फक्त सेंटर ६६ वर ठेवलं तरच. तेव्हा कानाकडची कडा ३१ मि.मी.वर येते आणि जाडी ६.६ + १.५ = ८.१ मि.मी. निघते. मघाशी न जुळलेला आकडा तो हाच. कडा अपेक्षेहून बारीक निघाली की सेंटर तपासावं.

उभ्या दिशेची चूक याहून त्रासदायक. एका काचेचं सेंटर दुसरीपेक्षा १ मि.मी. वर असेल तर ०.८ प्रिझम डायॉप्टरचा वरखाली फरक पडतो, आणि डोळे वरखाली फारच कमी जुळवून घेऊ शकतात.

फिकट दुसरा दिवा, आणि कडेतल्या रिंगा

पृष्ठभागावरून परत फिरणारा प्रकाश ((न−१)÷(न+१))² इतका, इथे न म्हणजे अपवर्तनांक. पॉलिकार्बोनेटच्या दोन पृष्ठभागांवर मिळून दहा टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. काचेच्या आत दोनदा परतून पुन्हा डोळ्याकडे येणारा भाग ०.०५१ × ०.०५१, म्हणजे सुमारे ०.२६ टक्के. दिवसा तो दिसत नाही, अंधाऱ्या रस्त्यावर हेडलाइटचा दिसतो. एआर (अँटी-रिफ्लेक्शन) कोटिंगने एका पृष्ठभागावरचं परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं तर हाच भाग शंभराव्या हिश्शावर येतो. कोटिंगचं तत्त्व साधं आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथाई जाडीचा थर दिला की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या (अपवर्तनांक १.३८) एका थराला हिरव्या ५५० नॅनोमीटरसाठी ही जाडी ५५० ÷ (४ × १.३८), म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर लागते. प्लास्टिकच्या काचांवर असे कमी-जास्त अपवर्तनांकाचे अनेक थर एकावर एक देतात. अपवर्तनांक जितका जास्त तितकं कोटिंग अधिक गरजेचं. हाय इंडेक्स काच विनाकोटिंग घेणं हा पैशाचा खरा अपव्यय आहे.

समोरच्याला काचेच्या कडेत एकात एक पांढऱ्या रिंगा दिसतात, त्या जाड कडेच्या आतल्या परावर्तनाच्या. पॉलिकार्बोनेटमधून हवेत जाताना ३९ अंशांहून तिरका प्रकाश बाहेर पडत नाही, पूर्ण आत परततो. कडा बारीक झाली की रिंगाही कमी होतात.

ताण तपासून घ्यावा

पॉलिकार्बोनेट धातूच्या रिममध्ये घट्ट दाबून बसवलं की आत ताण राहतो आणि त्या भागात प्रकाश दोन वेगांनी जातो. हे डोळ्यांनी पाहता येतं. एलसीडी स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा, आणि मध्ये चष्मा धरा. साच्यात ओतलेल्या पॉलिकार्बोनेटमध्ये थोडे रंगीत पट्टे असतातच, ते सोडून द्यावेत. रिमच्या स्क्रूपाशी दाट, लखलखीत पट्टे गोळा झाले असतील तर काच मोठी घासली गेली आहे. ती किंचित बारीक करून घ्यावी, नाहीतर कालांतराने तिथून तडे जातात.

दुरुस्ती

आधी फ्रेम बदलायची, मग काच. ४६-१८ किंवा तिच्या जवळपासची गोलसर फ्रेम, जिचं मध्यांतर पीडीच्या जितकं जवळ तितकं बरं. त्यात १.६० काच, मध्य १.४ मि.मी., एआर कोटिंग, सेंटर ६० वर. व्यासाचा हिशोब ४८ + ४ + २ = ५४, म्हणजे ६५ ची तयार काच आरामात पुरते. कडा ४.२ + १.४ = ५.६ मि.मी. १५ मि.मी.वर फाकणी ०.२९. याच फ्रेममध्ये १.६७ घातली तर कडा ५.१ मि.मी. होईल, पण फाकणी ०.३८ वर जाईल. अर्ध्या मि.मी.साठी हा सौदा संगणकावर काम करणाऱ्याने करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. −१२ च्या पुढे मात्र वजन आणि जाडी इतकी वाढते की १.६७ किंवा १.७४ कडे जावं लागतं.

पॉलिकार्बोनेट वाईट नाही. लहान मूल, एकाच डोळ्याने दिसणारी व्यक्ती, कारखान्यात उडत्या कणांजवळ काम करणारे यांना आघात सोसणारी काचच हवी. तिथे रंगांचा त्रास होत असेल तर ट्रायव्हेक्स पाहावी. थोडी जाड होते, पण ॲबे आकडा ४४ आणि वजनाला सगळ्यांत हलकी.

ऑर्डरच्या चिठ्ठीवर नंबराबरोबर दोन्ही डोळ्यांची वेगळी पीडी (उदाहरणार्थ ३०/३०), सेंटरची उंची, काचेचा अपवर्तनांक आणि ॲबे आकडा लिहून घ्यावा. उंची मोजताना फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवावी. काचेचा खालचा भाग गालाकडे जितका झुकलेला, त्याच्या दर २ अंशांमागे सेंटर बाहुलीपासून १ मि.मी. खाली घ्यावं. ८ अंश झुकाव असेल तर ४ मि.मी. नाकावरच्या पॅडही तेव्हाच जुळवाव्यात. चष्मा घसरून डोळ्यांपासून ४ मि.मी. लांब गेला तर −८ ची काच डोळ्याला −७.७५ इतकीच लागू पडते आणि लांबच्या पाट्या पुसट होतात.

नवा चष्मा हातात आल्यावर चौकटीची तीच तपासणी करून दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजावं. ते ६० ला जुळत असूनही दोन आठवड्यांनी ओढ कायम असेल, तर जुन्या चष्म्याचं अंतर मोजावं. तो वर्षानुवर्षं ६३ वर बसलेला असेल तर डोळ्यांनी त्या प्रिझमशी जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी काच पुन्हा बदलण्याआधी ऑप्टोमेट्रिस्टकडून दोन्ही डोळ्यांच्या जुळणीची तपासणी करून घ्यावी आणि दोन्ही चष्मे बरोबर न्यावेत.